प्रायमरीत बाईपण मोठं की वय?

प्रश्न थोडक्यात असा होता: "पुण्यात एम.ए. करतेय, सेमिनार पेपर अमेरिकेतल्या प्रायमरीवर आहे. सगळीकडे वाचते की २०१६ ला बायका हिलरी क्लिंटनकडे आणि तरुण बर्नी सँडर्सकडे. मग तरुण मुली कुठे गेल्या? जेंडर महत्त्वाचं की वय? आणि आपल्याकडे लाडकी बहीणनंतर महिला व्होट बँक म्हणायला लागले, तसंच काहीसं आहे का हे?"

मी न्यू जर्सीत असते, सर्व्हे आणि मतदारयाद्यांच्या डेटाचं काम बरीच वर्षं करतेय, त्यातलं बरंचसं प्रायमरीचं, म्हणजे जिथे एकाच पक्षातली माणसं आपसात भांडतात तिथलं. त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी शेवटचं टोक उडवून टाकते. लाडकी बहीणशी तुलना नका करू. ती सार्वत्रिक निवडणुकीतली गोष्ट, समोरासमोर दोन आघाड्या, चिन्हं वेगळी, एका बाजूने थेट खात्यात पैसे. प्रायमरीच्या जागी आपल्याकडे काय असतं तर तिकीटवाटप, आणि ते बंद खोलीत होतं, तिथे मतदार नसतोच. इथे तिकीट कोणाला हे मतदार ठरवतो, आणि बॅलटवरचे सगळे उमेदवार एकाच पक्षाचे. हा फरक छोटा वाटतो पण सगळी गंमत त्यातच आहे. नोव्हेंबरमध्ये, म्हणजे सार्वत्रिक निवडणुकीत, डेमोक्रॅट बाई डेमोक्रॅटलाच मत देते, उमेदवार पुरुष असो की बाई, कारण पक्ष बघून अर्धा निर्णय आधीच झालेला असतो. प्रायमरीत ती खूणच नाही. मग माणूस दुसऱ्या खुणा शोधतो, वय, जेंडर, वंश, अनुभव, कोण जिंकू शकेल, कोण आपल्यासारखं बोलतं. म्हणून नोव्हेंबरमधला जेंडर गॅप, म्हणजे बायका आणि पुरुषांच्या मतांतला फरक, उचलून प्रायमरीवर चिकटवला की पेपर पहिल्याच पानावर घसरतो.

आता खरा प्रश्न. तुम्ही "जेंडर की वय" असं विचारलंय पण त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. मतदानाला आलं कोण, आणि आलेल्यांनी मत दिलं कोणाला. टीव्हीवर सगळी चर्चा दुसऱ्याची. माझ्या कामात निकाल बहुतेक वेळा पहिल्याने फिरताना दिसतो, कारण प्रायमरीला येतातच कमी लोक, आणि कमी लोकांत थोडीशी सरमिसळ बदलली तरी आकडा हलतो.

उदाहरण म्हणून आयोवा घ्या, १ फेब्रुवारी २०१६. हिलरी ४९.८, बर्नी ४९.६, इतकं घासून. तिथे तेव्हा कॉकस व्हायचं, म्हणजे ठरलेल्या जागी जमून, चर्चा करून गटागटाने उभं राहायचं. कॉकसच्या दारात जो सर्व्हे करतात, ज्याला एन्ट्रन्स पोल म्हणतात, त्यात १७ ते २९ वयाच्यांपैकी ८४ टक्के बर्नीकडे आणि १४ हिलरीकडे. ३० ते ४४ मध्ये ५८ बर्नी, ३७ हिलरी. ४५ ते ६४ मध्ये उलटं, ५८ हिलरी, ३५ बर्नी. ६५ च्या वर ६९ हिलरी, २६ बर्नी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिलरीची टक्केवारी १४ वरून ६९ वर जाते, पंचावन्न पॉइंट. आता जेंडर बघा: बायकांमध्ये हिलरी ५३, बर्नी ४२, पुरुषांमध्ये हिलरी ४४, बर्नी ५०. हिलरीसाठी फरक नऊ पॉइंट. नऊ कुठे आणि पंचावन्न कुठे.

पण इथेच थांबू नका, आता सरमिसळ बघा. त्या कॉकसमध्ये तिशीखालचे साधारण १८ टक्के होते आणि ६५ वरचे २८ टक्के. समजा तरुण १८ ऐवजी २२ टक्के आले असते आणि म्हातारे २८ ऐवजी २४, बाकी कोणाचंही मत बदललं नाही. हिलरीचे सव्वादोन टक्के गेले, बर्नीचे तेवढेच वाढले, दोघांमधला फरक साडेचार पॉइंटांनी फिरला. एकाही माणसाचं मन न वळवता. आता हाच खेळ जेंडरवर करा. बायका तिथे ५७ टक्के होत्या, त्या ६१ केल्या तर दोघांमधला फरक जेमतेम पाऊण पॉइंटही हलत नाही. हे कॅल्क्युलेटरवर करून बघाच, पाच मिनिटांचं काम आहे. (या आकड्यांतून दोघांचे निकाल तंतोतंत निघणार नाहीत, हिलरीचा जवळपास निघतो, बर्नीचा कमी येतो, कारण आयोवात तेव्हा मतं जाहीरच करत नव्हते, डेलिगेटचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींचा, हिशोब करत होते, आणि दारात सांगितलेली पसंती आत गटागटाने उभं राहिल्यावर बदलायची.)

म्हणजे जेंडर बिनकामाचं का? नाही, आणि इथे बरेच जण गल्लत करतात. डेमोक्रॅटिक प्रायमरीत बायका ५७-५८ टक्क्यांच्या आसपास असतात, २००८ लाही आणि २०१६ लाही. इतका मोठा गट आहे की त्यात पाच पॉइंट इकडचे तिकडे झाले तरी राज्य जातं. फक्त या गटाचं प्रमाण फारसं हलत नाही, मत हलतं. वयाचं बरोब्बर उलटं, मत ठाम असतं पण प्रमाण हलतं. माझ्या कामात याचा थेट उपयोग होतो: तरुणांसाठीचा पैसा त्यांना घराबाहेर काढण्यावर लावायचा, आणि मध्यमवयीन बायकांसाठीचा पैसा त्यांच्याशी बोलण्यावर, कारण त्या येणारच असतात.

मत हलतं म्हणजे कसं, तर २००८ बघा. ३ जानेवारीला आयोवा. तिथे बायकांमध्येसुद्धा ओबामा पुढे, ३५ विरुद्ध ३०. पाचच दिवसांनी न्यू हॅम्पशायर, तिथे बायकांमध्ये हिलरी ४६, ओबामा ३४, आणि सगळे पोल ओबामा जिंकणार सांगत असताना हिलरी जिंकल्या. मधल्या दिवसांत काय झालं? पोर्ट्समथच्या एका कॉफी शॉपमध्ये बोलताना त्यांचा आवाज भरून आला, ते दिवसभर टीव्हीवर फिरलं, त्यावर पुरुष पंडित जे काही बोलले तेही फिरलं. त्याच क्षणाने निकाल फिरवला असं छातीठोकपणे कोणी सांगू नये, राज्यं वेगळी, एक कॉकस एक प्रायमरी, पोलमधल्या गडबडीची पुढे पोलवाल्यांच्या संघटनेने चौकशी केली त्यात बरीच कारणं निघाली. पण जेंडरची खूण काही वेळा झोपलेली असते आणि काही वेळा जागी होते, हे मी स्थानिक निवडणुकांतही बघितलंय. डिबेटमध्ये कोणीतरी बाई उमेदवाराला मध्येच तोडलं, की दुसऱ्या दिवशी फोनवर पन्नाशीच्या बायकांचा सूर वेगळा येतो. वयाची खूण मात्र कायम जागीच. त्याच आयोवात २००८ ला तिशीखालचे ५७ टक्के ओबामांकडे आणि ११ हिलरींकडे होते, ६५ वरचे ४५ हिलरींकडे आणि १८ ओबामांकडे. आठ वर्षांनी समोरचा उमेदवार बदलला, सत्तरीचा पांढऱ्या केसांचा माणूस आला, तरी चित्र तेच. त्यामुळे तरुणांना तरुण उमेदवार हवा असतो हा समजही इथेच टाकून द्या.

आता तुमच्या तरुण मुली. त्या बर्नीकडे गेल्या, आणि नुसत्या गेल्या नाहीत, ढिगाने गेल्या. न्यू हॅम्पशायरला ९ फेब्रुवारी २०१६ ला बायकांमध्येच बर्नी ५५, हिलरी ४४, आणि तिशीखालच्या बायकांत दहापैकी आठ बर्नीकडे. त्याच्या तीनचार दिवस आधी माजी परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइट हिलरींच्या सभेत म्हणाल्या होत्या की ज्या बायका एकमेकींना मदत करत नाहीत त्यांच्यासाठी नरकात खास जागा आहे, आणि स्त्रीवादी चळवळीतल्या जुन्या नेत्या ग्लोरिया स्टायनेम टीव्हीवर म्हणाल्या की मुलं बर्नीकडे आहेत म्हणून मुली तिकडे जातायत. दोघींनाही नंतर दिलगिरीच्या सुरात खुलासा करावा लागला. मला विचाराल तर हे दोन्ही उद्गार म्हणजे जेंडर आणि वय एकमेकांना कसे छेदतात याचा धडाच आहे, कारण बोलणाऱ्या दोघी सत्तरी-ऐंशीतल्या आणि ऐकणाऱ्या विशीतल्या.

विचार करा, २०१६ ला जी बाई ६८ वर्षांची आहे ती १९४८ ची. १९७४ पर्यंत बँकेने तिला नवऱ्याच्या सहीशिवाय क्रेडिट कार्ड नाकारलं तर ते बेकायदा नव्हतं. शिक्षणात भेदभाव नको असं सांगणारा टायटल नाइन कायदा १९७२ चा, तेव्हा तिचं कॉलेज आटपत आलेलं किंवा संपलेलं. तिच्यासाठी बाई प्रेसिडेंट होणं हे आयुष्यभराच्या हिशोबातलं थकलेलं येणं आहे. तिची नात टायटल नाइननंतरच्या शाळेत फुटबॉल खेळली, वर्गात मुली जास्त, आणि तिच्या डोक्यावर काय आहे तर कॉलेजचं कर्ज आणि २००८ च्या मंदीनंतरचा जॉब मार्केट. तिला बाई प्रेसिडेंट नको असं नाही, तिला वाटतं ती होईलच कधीतरी, हीच का आणि आत्ताच का. दोघी बायकाच, दोघींचं मत आपापल्या अनुभवातूनच आलंय, आणि "महिला मतदार" असा एक कॉलम केला की दोघी एकत्र मिसळून एक सरासरी निघते जी दोघींपैकी कोणाचीच नाही.

याला पुस्तकात कोहॉर्ट म्हणतात, म्हणजे वय वाढलं की माणूस बदलतो असं नाही, तर पिढी आपलं मत बरोबर घेऊन चालते. हे खरं की खोटं तपासायला आयोवातला तो ३० ते ४४ चा गट परत बघा. २००८ ला जे पंचविशीत होते ते २०१६ ला या गटात आले, लग्नं झाली, घरं घेतली, आणि तरी गट ५८ टक्के बर्नीकडे. २०२० लाही पंचेचाळिशीखालचे बहुतेक ठिकाणी बर्नीबरोबरच राहिले. पूर्ण पुरावा नाही हा, पण नुसतं "तरुण असतात तेव्हा असं वाटतं" म्हणून उडवून लावण्यासारखंही नाही.

आणि आता ज्याच्याशिवाय हे सगळं अर्धवट, तो वंश. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर दोन्ही जवळजवळ गोऱ्या लोकांची राज्यं. २७ फेब्रुवारी २०१६ ला साऊथ कॅरोलायना आलं, हिलरी ७३ टक्क्यांच्या वर. तिथे डेमोक्रॅटिक मतदारांत साठ टक्क्यांच्या आसपास काळे लोक, आणि काळ्या बायकांत हिलरींना ८५ टक्क्यांच्या वर मतं. तिशीखालच्यांमध्ये तिथे बर्नी पुढे होते, पण थोडेच. वयाची दरी होती पण आयोवासारखी खाई नव्हती. म्हणून "तरुण बर्नीकडे" हे वाक्य लिहिताना कुठले तरुण हे लिहाच. दक्षिणेत चर्चमध्ये जाणाऱ्या साठीतल्या काळ्या बाईचं मत ही प्रायमरीतली सगळ्यात पक्की आणि सगळ्यात अनुभवी ताकद आहे असं मी मानते, आणि २०२० ला २९ फेब्रुवारीला तिथल्याच प्रायमरीत तिनेच बायडनना उभं केलं.

नियमांवर थोडं बोलायलाच हवं, कारण कोण येऊ शकतं हे नियम ठरवतात. २०१६ च्या वॉशिंग्टन राज्यासारखं उदाहरण शोधून सापडत नाही. २६ मार्चला तिथे कॉकस झालं, म्हणजे शनिवारी सकाळी ठरलेल्या जागी जाऊन बसायचं, चर्चा करायची, दोनतीन तास मोडायचे. साधारण २ लाख ३० हजार लोक आले आणि बर्नी ७३ टक्के. मग २४ मे ला त्याच राज्यात पोस्टाने मत द्यायची प्रायमरी झाली, जिचा डेलिगेटशी काही संबंध नव्हता, आठ लाखांच्या आसपास मतं पडली आणि हिलरी ५२ विरुद्ध ४८ ने जिंकल्या. नेब्रास्कातही कॉकस बर्नी आणि नंतरची प्रायमरी हिलरी, तसंच. मधल्या दोन महिन्यांत शर्यत जवळपास ठरली होती, त्यामुळे सगळं श्रेय नियमाला देता येत नाही. पण गुडघे दुखणारी आजी, लहान मूल घरी असलेली आई, शनिवारी ड्युटी असलेली नर्स, या तिघी कॉकसमध्ये दिसत नाहीत आणि पाकिटात दिसतात, हे समजायला फार डेटा लागत नाही.

उलट बाजूने न्यूयॉर्क. तिथली प्रायमरी बंद, फक्त नोंदणीकृत पक्ष सदस्यांसाठी, आणि १९ एप्रिल २०१६ च्या मतदानासाठी पक्ष बदलायची शेवटची तारीख होती ९ ऑक्टोबर २०१५, सहा महिने आधी! ट्रम्प यांची स्वतःची मुलं इवांका आणि एरिक या तारखेला चुकली आणि बापाला मत देऊ शकली नाहीत. तरुण लोक नोंदणी करताना पक्षाचा रकाना रिकामा सोडतात, असे नियम त्यांना आधी बाहेर ठेवतात. आणि याच न्यूयॉर्क शहरात २४ जून २०२५ ला मेयरच्या प्रायमरीत ३३ वर्षांचे ममदानी शेवटच्या फेरीत (तिथे पसंतीक्रमाने मत देतात आणि फेऱ्यांत मोजतात) ५६ विरुद्ध ४४ ने माजी गव्हर्नर कुओमोंच्या पुढे गेले. बऱ्याच पोल्समध्ये शेवटपर्यंत कुओमो पुढे होते. माझ्या मते यात मोठा वाटा "नक्की येणारा मतदार कोण" हे जुन्या याद्यांवरून ठरवण्याचा होता, ज्याने आधी मत दिलं तोच येणार हे धरलं की तरुण आपोआप मोजणीतून गळतात. ते आले, म्हणजे परत सरमिसळच.

डेटा वापरताना दोनतीन सावधगिऱ्या. एक्झिट पोलमधल्या उपगटांवर फार भार टाकू नका. समजा १२०० जणांचा पोल आहे, त्यात तिशीखालचे १८ टक्के म्हणजे दोनशे सोळा, त्यातल्या बायका शंभर-सव्वाशे. एवढ्यावर नऊ-दहा पॉइंटांची चूक सहज बसते, आणि निवडक केंद्रांवरच सर्व्हे होतो म्हणून प्रत्यक्षात जास्तच. ८२ विरुद्ध १८ असेल तर निर्धास्त लिहा, ५४ विरुद्ध ४६ असेल तर जपून.

मतदारयादीत बहुतेक राज्यांत वय पक्कं असतं कारण जन्मतारीख किंवा साल असतं. जेंडर सगळ्या राज्यांत नसतं, जिथे नाही तिथे कंपन्या पहिल्या नावावरून अंदाज करतात आणि आपल्या लोकांची तिथे मजा होते. सुहास, किरण, शशी, यांचं सॉफ्टवेअर काय करेल सांगता येत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसन-इझलिन या आपल्या लोकांच्या भागाची यादी हातात आली की मी आधी ही नावं काढून हाताने बघते.

आणि फोनवरच्या सर्व्हेत घरातल्या एकाला विचारून सगळ्यांचं धरू नका. आपल्या घरांत फोन काकांनी उचलला तर "आमच्याकडची चारही मतं तिकडेच" हे ठरलेलं उत्तर. काकूंना वेगळं विचारलं, त्याही स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात, तर चारांतली दोनच तिकडे निघतात, आणि मुलीने तर ऑनलाइन फॉर्ममध्ये तिसराच भरलेला असतो. पंचविशीतल्या मुलीचं मत बापाच्या मतावरून सांगता येत नाही हे आमच्या भागात मी पैजेवर सांगेन.

एक गोष्ट राहिली, "जिंकू शकेल का" हा मुद्दा. २०२० ला एलिझाबेथ वॉरन स्वतःच्या मॅसॅच्युसेट्समध्ये बायडन आणि सँडर्सच्या मागे तिसऱ्या आल्या. त्यांच्याबद्दल मला फोनवर बायकांकडून सगळ्यात जास्त ऐकू आलेलं वाक्य म्हणजे, मला आवडते पण बाकीचे बाईला मत देणार नाहीत. हे वाक्य पन्नाशी-साठीच्या बायका जास्त म्हणायच्या, २०१६ चा नोव्हेंबर, जेव्हा हिलरी ट्रम्पकडून हरल्या, त्यांना जास्त लागला होता. म्हणजे बाईपणाचा परिणाम उमेदवाराच्या विरुद्ध गेला, तोही बायकांच्याच हातून, आणि कुठल्याही क्रॉसटॅबमध्ये, म्हणजे गटवार तक्त्यात, तो "जेंडर" या रकान्यात दिसणार नाही. असल्या गोष्टीसाठी मुलाखतीच घ्याव्या लागतात.

तर पेपरसाठी माझा सल्ला: पाच राज्यं घेऊ नका, आयोवा आणि साऊथ कॅरोलायना २०१६ एवढी दोन घ्या, वय आणि जेंडर एकत्र कापलेला तक्ता मिळतोय का बघा, नाही मिळाला तर दोन्ही वेगळे तक्ते घेऊन वर दाखवलं तसं प्रमाण हलवून बघा आणि किती फरक पडतो ते लिहा. वॉशिंग्टनचे दोन्ही निकाल शेजारी ठेवा. आणि २०२० घ्यायचा मोह झालाच तर साऊथ कॅरोलायनाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एकत्र करू नका, कारण त्यानंतर दोनच दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुचार हे दोघंही उमेदवार बाहेर पडले आणि सुपर ट्यूजडेला, म्हणजे बऱ्याच राज्यांत एकाच दिवशी मतदान होतं तेव्हा, लोकांसमोर पर्यायच वेगळे होते.